उन्हाळ्यात हिमालयात ट्रेक: नागपूरहून जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

कूलर बाहेर निघाले की "भाऊ, यंदा हिमालयात जायचं आहे, कुठे जाऊ" हे विचारणं सुरू होते, आणि प्रश्न दरवर्षी जवळपास तेच असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. हे सगळं हिमाचल, उत्तराखंड आणि काश्मीरमधल्या उंचावरच्या वाटांबद्दल आहे, म्हणजे झाडं संपतात तिथून वरची कुरणं, बर्फाचे नाले आणि चार-साडेचार हजार मीटरच्या खिंडी. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, पुढे बऱ्याच उत्तरांत ती परत येईल: ट्रेक फोटो पाहून निवडू नका, हातात दिवस किती आहेत ते मोजून निवडा, आणि कार्यक्रमपत्रिकेत जेवढे दिवस लिहिले त्याच्यापेक्षा दोन जास्त ठेवा.

मे मध्ये इथे ४५-४६ डिग्री असते, शाळांना सुट्ट्या असतात, मग मे मध्येच जावं ना?

जाता येते पण सगळीकडे नाही. मे मध्ये उंच खिंडींवर हिवाळ्याचा बर्फ अजून पडलेला असतो, तेव्हा मनालीजवळच्या हम्प्ता पास वगैरेच्या वाटा साधारण बंदच समजा. मे मध्ये चांगले म्हणजे उत्तराखंडातले हर की दून, दयारा बुग्याल, चोपता-तुंगनाथ, आणि बर्फातच चालायचं असेल तर हिमाचलात कसोलहून सर पास.

खरा काळ जूनचा. नवतपा, म्हणजे मेच्या शेवटचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपला की त्यानंतर दोनेक आठवड्यांनी खिंडींवरचा बर्फ चालण्यासारखा होतो, आणि हिमाचल-उत्तराखंडात मान्सून साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यात पोचते, म्हणजे मधले आठवडा-दहा दिवस असे मिळतात की खाली हिरवंगार, वर बर्फ आणि आकाश बहुतेक मोकळं. यात आपल्याकडच्या लोकांचा एक फायदा आहे जो फार कोणी लक्षात घेत नाही, विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, त्यामुळे पुण्या-मुंबईचे कुटुंबवाले परतले असतात तेव्हा आपल्या पोट्ट्यांना अजून सुट्टी असते. हा आठवडा वाया घालवू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये कुल्लू आणि गढवालच्या बाजूला पाऊस, दरडी, रस्ते बंद. पण लाहौल, स्पिती, लडाख पर्वतरांगेच्या पलीकडे आहेत, तिथे पाऊस फार कमी पडते. काश्मीर ग्रेट लेक्स याच काळात करतात आणि व्हॅली ऑफ फ्लॉवर्स तर पावसाशिवाय फुलतच नाही. सप्टेंबरमध्ये हवा सगळ्यात स्वच्छ, ज्यांना सुट्टीचं बंधन नाही त्यांनी सप्टेंबर घ्यावा.

पहिल्यांदाच जाऊन राहिलो, कोणता घेऊ?

माझं स्पष्ट मत, हर की दून. सगळे हम्प्ता सांगतात, तोही चांगलाच आहे, त्याच्याबद्दल खाली लिहिलं. पण हर की दूनमध्ये उंची हळूहळू चढते. ट्रेक सुरू होतो ते सांक्री गाव १,९५० मीटरवर आहे आणि हर की दून ३,५६६ वर, हा चढ तीन दिवसांत वाटला जातो, शरीराला सवय व्हायला वेळ मिळते. वाटेत ओसला, गंगाड अशी जुनी लाकडी घरांची गावं लागतात, लोक शेती करत असतात, तुम्ही त्यांच्या अंगणाजवळून जाता. शेवटी समोर स्वर्गारोहिणी. पांडव ज्या वाटेने स्वर्गात गेले म्हणतात तोच हा डोंगर, आजीला फोटो दाखवला की ती हात जोडते.

आणखी सोपा हवा असेल तर दयारा बुग्याल, उत्तरकाशीजवळ. बुग्याल म्हणजे उंचावरचं गवताचं कुरण. दयाराचं कुरण इतकं मोठं आहे की पहिल्यांदा पाहणारा माणूस थोडा वेळ बोलतच नाही.

भृगू लेक मात्र पहिल्यांदा घेऊ नका, जरी तीन-चार दिवसांचा आणि "सोपा" म्हणून विकला जात असला तरी. मनाली २,०५० मीटरवर आणि तळं ४,२०० च्या वर, आणि ही उंची दोन-तीन दिवसांत गाठतात. दिवस कमी दिसतात म्हणून लोक तोच निवडतात आणि तिथेच डोकं धरून बसतात.

हम्प्ता पासचं एवढं नाव काहून आहे?

कारण एका खिंडीत दोन वेगळे देश पाहिल्यासारखं वाटते. मनालीहून गाडीने जोब्राला जायचं, तिथून चिका, मग बालू का घेरा, इथपर्यंत सगळं हिरवं, भोजपत्राची झाडं, नदीकाठाने वाट, गुराखी आणि मेंढरं. मग खिंडीचा दिवस, ४,२७० मीटर, सकाळी अंधारातच निघायचं, बर्फाचा उतार, दगड, परत बर्फ, आणि वर पोचून पलीकडे पाहिलं की हिरवं एकदम संपलेलं. पुढे लाहौल आहे, करडे-तपकिरी उघडे डोंगर. पावसाचे ढग या रांगेला अडतात म्हणून इकडे जंगल आणि तिकडे वाळवंट, पुस्तकात पर्जन्यछाया वाचलेली असते ती इथे पायाखालून जाते.

उतार शिया गोरूला उतरतो आणि हा उतारच जास्त त्रास देते, गुडघे भरून येतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी थंडगार नाला पार करावा लागते. तो सकाळीच का, तर दुपारी ऊन पडून वरचा बर्फ वितळते आणि तोच नाला दुपारी दुप्पट होतो, हिमालयातल्या कुठल्याही नाल्याला हे लागू आहे, गाइड पहाटे उठवते तेव्हा कुरकुर करू नका. शेवट छत्रूला. तिथून जमलं तर चंद्रताल तळं, पण तो रस्ता अतिशय खराब आहे आणि जूनच्या मध्यापर्यंत बंदही असू शकतो, त्यामुळे ट्रेक नेणाऱ्या कंपनीने "चंद्रताल इन्क्लुडेड" लिहिलं असलं तरी ते रस्त्यावर अवलंबून आहे हे समजून जा. परतीला २०२० मध्ये सुरू झालेला अटल बोगदा आहे, नऊ किलोमीटरचा, म्हणून रोहतांग चढून मनालीला यावं लागत नाही.

व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला आईबाबांना नेता येईल का?

येईल, गुडघे बरे असतील आणि डॉक्टरने बीपी-शुगर-हृदय तपासून हो म्हटलं असेल तर. ज्यांच्या आईने नागद्वारी केली आहे त्यांनी तर काळजीच करू नये, पचमढीच्या पावसात चिखलाचे चढ-उतार चढून लोखंडी शिड्या चढलेली बाई घांघरियाला आरामात पोचते, फक्त उंची जास्त आहे म्हणून सावकाश.

बद्रीनाथ रोडवरच्या गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप, पुढे घांघरियापर्यंत साधारण दहा किलोमीटर चढ. पायी जमत नसेल तर खेचर मिळते. घांघरिया ३,०५० मीटरवर आहे, तिथे लॉज आहेत, तंबू लागत नाही. फुलांच्या दरीत रात्री राहायला परवानगी नाही, सकाळी आत जायचं आणि संध्याकाळच्या आत परत. उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असते पण जूनमध्ये गेलात तर बर्फ आणि थोडीशीच फुलं दिसतील, बहर मध्य जुलै ते मध्य ऑगस्टचा. १९३१ मध्ये कामेट शिखर उतरून येताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइद आणि त्याचे साथीदार रस्ता चुकून या दरीत उतरले आणि तेव्हापासून बाहेरच्या जगाला ती माहीत झाली, खालच्या गावच्या लोकांना ती आधीपासून ठाऊक होतीच. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २००५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं.

दुसऱ्या दिवशी हेमकुंड साहिब गुरुद्वारा. हा चढ खरंच दम काढते, सहा किलोमीटरमध्ये हजार मीटरच्या वर चढायचं असते, आईबाबांसाठी इथे खेचर घेणं शहाणपणाचं. वर लंगरची खिचडी आणि चहा मिळते, आणि ब्रह्मकमळ पाहायचं असेल तर ते दरीपेक्षा इथेच जास्त दिसते.

पाऊस असल्यामुळे बद्रीनाथ रोडवर दरड पडून एखादा दिवस अडकणं हे ठरलेलंच समजा. परतीचं ट्रेन तिकीट त्या हिशोबाने काढा.

काश्मीर ग्रेट लेक्स झेपेल का?

एखादा चार हजार मीटरचा ट्रेक आधी झाला असेल तर झेपेल. सोनमर्गहून सुरू, नारानागला शेवट, सत्तर किलोमीटरच्या आसपास, सात दिवस. विशनसर, किशनसर, गडसर, सतसर, गंगबल, नुंदकोल, एकेका दिवशी एकेक तळं, प्रत्येकाचा रंग वेगळा. सगळ्यात उंच गडसर पास ४,२०० च्या आसपास. शेवटी गंगबलच्या काठी हरमुख शिखर सरळ अंगावर येते.

अवघड काय आहे तर मधून बाहेर पडायला रस्ता नाही. चौथ्या दिवशी पाय मुरगळला तर पुढे जा किंवा मागे जा, दोन्हीकडे दोन-तीन दिवस. म्हणून तयारी पूर्ण करूनच जा. ओळखपत्राची मूळ प्रत जवळ ठेवा, वाटेत सैन्याच्या चौक्यांवर तपासतात. आणि काश्मीरमधले ट्रेक सुरक्षेच्या कारणाने अधूनमधून बंद होतात, बुकिंगच्या आधी आणि निघायच्या आठवड्यात असं दोनदा विचारा.

आम्ही दोन-तीन ट्रेक केले, आता अवघड सांगा.

रूपिन पास, ४,६५० मीटर, उत्तराखंडातल्या धौलाहून हिमाचलच्या सांगल्याला. तीन टप्प्यांत पडणारा धबधबा लागतो आणि वाट त्या धबधब्याच्या बाजूनेच वर चढते, वर बर्फाची अरुंद घळ. मला हिमालयातल्या उन्हाळी वाटांमध्ये हा सगळ्यात सुंदर वाटते. बुरान घाटी साधारण ४,५७० मीटर, जूनच्या सुरुवातीला पलीकडे दोर लावून बर्फाच्या भिंतीवरून उतरावं लागते. बाली पास ४,९५० च्या आसपास. पिन पार्वती ५,३१९ मीटर, हिमनदीवरून चालणं आहे, भेगा आहेत, हा अनुभवी लोकांचाच, अनुभव नसताना कोणी नेतो म्हटलं तरी जाऊ नका.

याच्या पुढे जायचं असेल तर उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था (एनआयएम) किंवा मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था, यांचा बेसिक कोर्स करा. जवळपास महिनाभर लागते पण दोर, बर्फातली कुऱ्हाड, घसरल्यावर थांबायचं कसं, हे सगळं नीट शिकवतात.

रूपकुंड?

२०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने बुग्यालांवर रात्री मुक्काम करायला बंदी घातली, तेव्हापासून रूपकुंड तळ्याचा नेहमीचा कॅम्पिंगवाला ट्रेक थांबला. कोणी "आम्ही नेतो" म्हणत असेल तर परवानगीचा कागद मागा.

मी रोज पाच किलोमीटर पळतो, मला उंचीचा त्रास होणार नाही ना?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि उत्तर आहे, होऊ शकतो. फिटनेस आणि उंची सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगला पळणारा माणूस उलट वेगाने वर जाते आणि आधी आजारी पडते, असं नेहमी दिसते.

नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर आहे. ४,३०० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण ६० टक्के उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही साधारण ६० टक्केच मिळते. शरीर याची सवय करून घेते, श्वास वाढवते, काही दिवसांत रक्तातही बदल होतात, पण त्याला दिवस लागतात आणि ते दिवस कशानेही विकत मिळत नाहीत. डॉक्टर लोकांचा सर्वसाधारण नियम असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त चढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. दिवसा वर जाऊन या, झोपायला खाली या, हे चालते. आता कोणत्याही ट्रेकचा कार्यक्रम हातात घ्या आणि या नियमाला लावून पाहा, कुठे घाई केली आहे ते लगेच दिसेल. म्हणून मी दिवस दिवस करून राहिलो.

आता त्रास कसा ओळखायचा. २,५०० मीटरच्या वर डोकं दुखत असेल आणि सोबत मळमळ, चक्कर, जेवण नको वाटणं, खूप थकवा यातलं काही असेल तर तो उंचीचाच त्रास समजायचा, "ॲसिडिटी झाली", "रात्री झोप नाही झाली" असं म्हणायचं नाही. इतकं असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही, थांबायचं, पाणी प्यायचं, गाइडला सांगायचं. बरं वाटलं तर उद्या पुढे. वाढत गेलं तर खाली.

दोन गोष्टी जीवावरच्या आहेत. एक, बसल्या जागी धाप लागणं, खोकला, छातीत घरघर, गुलाबीसर फेसाळ थुंकी, हे फुप्फुसात पाणी भरल्याचं लक्षण. दोन, माणूस तोल जाऊन चालते, बडबडते किंवा एकदम गप्प होते, हा मेंदूवरचा परिणाम. शंका आली तर त्याला सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालायला सांगा, जमलं नाही तर वेळ घालवू नका. दोन्हीला उपाय एकच, ताबडतोब खाली नेणं, रात्र असली तरी, सोबत ऑक्सिजन असेल तर लावून. सकाळची वाट पाहणं इथे माणूस घालवते.

आणि लपवू नका. ग्रुपमध्ये पोरं लाजेखातर सांगत नाहीत, सगळ्यांचा ट्रेक आपल्यामुळे बिघडेल असं वाटते. सांगितलं तर एकाचा ट्रेक बिघडते, नाही सांगितलं तर सगळ्यांचा.

डायमॉक्स घेऊन जाऊ का?

डॉक्टरला विचारून. ही गोळी उंचीची सवय व्हायला मदत करते, पण सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना, किडनीचा त्रास असणाऱ्यांना धोका असतो. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, ते अपेक्षित आहे. मेडिकलवाल्याला विचारून घेऊ नका. आणि गोळी घेतली म्हणून वेगाने चढायची परवानगी मिळत नाही. डोकेदुखी दाबायला पेनकिलर खाऊन वर जाणं तर साफ चूक. दारू आणि झोपेची गोळी पूर्ण बंद.

नागपूर तर सपाट, सराव कुठे करायचा?

उंचीचा सराव इथे होऊच शकत नाही, ते सोडून द्या, कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटरच आहे. सराव पायांचा, दमाचा आणि पाठीवर वजन घेऊन उतरायचा करायचा.

सुरुवात फेब्रुवारीत करा. एप्रिल-मे मध्ये सकाळी सातलाच चटका बसते, तेव्हा सराव वाढवणं शक्य होत नाही आणि दुपारी पळायला गेलात तर ऊन लागेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाया घाला, पुढे पहाटे पाच-साडेपाचला टिकवून ठेवा. सेमिनरी हिल्सचे चढ, अंबाझरीचा फेरा, रामटेकच्या गडाच्या पायऱ्या पाठीवर सहा-सात किलो घेऊन. आणि सगळ्यात कामाचा म्हणजे अपार्टमेंटचा जिना, सावली असते, कुठे जावं लागत नाही, अर्धा-पाऊण तास वर-खाली. उतरताना लिफ्ट घेऊ नका, मांड्या तिथेच तयार होतात.

बहुतेक कंपन्या पाच किलोमीटर पस्तीस-चाळीस मिनिटांत मागतात, ते जमलं म्हणजे तब्येत तयार आहे इतकंच. महिन्यातून एकदा पूर्ण दिवस चालून पाहा. पचमढीला धूपगढ १,३५२ मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच, आणि चौरागढच्या पायऱ्या, दोन दिवसांत दोन्ही करा आणि दुसऱ्या दिवशी पायांची काय हालत होते ते पाहा. चिखलदराही चालते. आणि हे सगळं त्याच बुटात करा जे तिकडे नेणार.

जायचं कसं? तिकिटं मिळत नाहीत.

दिल्लीपर्यंत ट्रेन, जीटी, तामिळनाडू, तेलंगणा, अशा भरपूर आहेत, साधारण ११०० किलोमीटर. नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्वेशन १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, म्हणून ट्रेकची तारीख ठरली की साठ दिवस मोजून कॅलेंडरवर खूण करा, मे-जूनमध्ये उत्तरेच्या गाड्या सकाळीच भरतात. दिल्लीहून मनालीला रात्रीची बस, गढवालसाठी डेहराडून किंवा ऋषिकेश. डेहराडून ते सांक्री दिसायला दोनशे किलोमीटर पण पूर्ण दिवस जाते, डोंगरात किलोमीटर मोजू नका, तास मोजा.

ज्यांना घाट लागते त्यांनी गोळी आधी घ्या आणि समोरच्या सीटवर बसा. आणि रात्रभर बस करून सकाळी लगेच ट्रेक सुरू करू नका, एक रात्र मनालीत झोपा. विमानाने थेट लेहला जाणाऱ्यांनी तर ३,५०० मीटरवर उतरल्यावर किमान दोन दिवस काही म्हणजे काही करायचं नाही.

गरम कपडे उन्हाळ्यात नागपुरात मिळत नाहीत, काय करू?

थंडीतच घेऊन ठेवा. डिसेंबर-जानेवारीत स्वेटरवाल्यांकडे थर्मल, टोपी, हातमोजे सगळं स्वस्त मिळते, मे मध्ये शोधत फिराल. जाड जॅकेट आणि पोंचो मनालीत, सांक्रीत भाड्यानेही मिळतात.

हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा डिग्रीने थंड होते, हा हिशोब केला तर नागपूरच्या मानाने चार हजार मीटरचा फरक पंचवीस-सव्वीस डिग्रीचा झाला, वरून वारा आणि रात्र वेगळी. जून असला तरी कॅम्पवर रात्री शून्याजवळ जाते. एकच जाड जॅकेट नेण्यापेक्षा थर कामाचे: आत घाम सुकवणारा टीशर्ट, मग फ्लीस, मग जाड जॅकेट, वरून पावसाचं. कॉटन आणि जीन्स घरी ठेवा, ओलं झालं की सुकत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते.

बूट तपासा. आपल्याकडे एक-दोन उन्हाळे कपाटात पडून राहिलेल्या बुटाचा गोंद आणि सोल सुकून जाते, वरून नवा दिसते आणि दुसऱ्या दिवशी तळ सुटून हातात येते. निघायच्या आधी वाकवून, ओढून पाहा, आणि बॅगेत चिकटपट्टीचं एक बंडल टाका.

गॉगल चांगला घ्या, युव्हीवाला. बर्फ ऊन परत फेकते, डोळे भाजतात आणि रात्री उघडत नाहीत. सनस्क्रीन नाकपुडीखाली आणि हनुवटीखालीही लावा. आपला नेहमीचा उन्हाचा दुपट्टा नक्की न्या, धुळीला, उन्हाला, थंडीला, कानाला, सगळ्याला चालते.

जेवणाचं काय?

वरण-भात, पोळी, भाजी, खिचडी, सूप, शाकाहारी आणि पोटभर मिळते. तिखटाची सवय असलेल्यांना फिकं वाटते, घरून शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी न्या. उंचीवर भूक मरते पण खायचंच. खिशात चिक्की, खजूर, शेंगदाण्याचे लाडू, संत्रा बर्फी. पाणी तीन-चार लिटर, नाल्याचं असेल तर उकळून किंवा फिल्टर करून. जायच्या आदल्या रात्री सावजी खाऊन ट्रेनमध्ये बसू नका, पोट बिघडलं तर पहिले दोन दिवस तेच निस्तरत बसाल.

मुलींसाठी टॉयलेटची सोय असते का? पाळी आली तर?

खड्डा खणून वर छोटा तंबू लावलेला असते, पाणी नसते, टिश्यू आणि माती. चालताना दगडाआड जावं लागते, ग्रुपमध्ये दोघी-तिघींनी मिळून जा, कोणी काही म्हणत नाही. बऱ्याच मुली ही अडचण टाळायला पाणीच पीत नाहीत, त्याने डोकं दुखते आणि मग उंचीचा त्रास आहे की पाणी कमी पडलं हे कळत नाही. पाणी प्याच. पाळीत ट्रेक करता येते, पॅड जास्तीचे न्या कारण प्रवासाने तारीख पुढेमागे होते, आणि वापरलेले कागदात गुंडाळून वेगळ्या काळ्या पिशवीत परत आणा, तिथे पुरू नका. पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरला उंचीवर जातो आहे हे सांगून विचारा.

कंपनी कशी निवडायची? स्वस्तात होते का?

यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचे कॅम्प सगळ्यात स्वस्त, सर पास त्यांचा जुना आणि चांगला कार्यक्रम आहे, ग्रुप मोठा असते, सामान स्वतः उचलायचं. खाजगी कंपन्यांना हे विचारा: किती जणांमागे एक गाइड, गाइडने कोर्स केला आहे का, ऑक्सिजन सिलिंडर सोबत चालते की फक्त बेसला ठेवतात, वॉकीटॉकी आहे का, आणि हवामान बिघडलं तर परत फिरायचा निर्णय कोण घेतो. शेवटच्या प्रश्नाला जो गडबडला त्याच्याकडे पैसे भरू नका. पॅकेजच्या बाहेरही बराच खर्च असते, नागपूर ते बेस, भाड्याचं सामान, खेचरावर बॅग टाकली तर तिचे वेगळे, आणि विमा. विम्यात किती उंचीपर्यंत चालते ते बारीक अक्षरात असते, वाचा.

गाइडशिवाय मात्र जाऊ नका. वाट दिसते म्हणून सोपी वाटते आणि धुकं उतरलं की दहा फुटांवरचं दिसत नाही.

जूनमध्ये हवामान खरंच इतकं बिघडते का?

बिघडते. जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात उत्तराखंडात सहस्त्रताल ट्रेकवर कर्नाटकातल्या ट्रेकर्सचा ग्रुप बर्फाच्या वादळात अडकला आणि नऊ जण गेले. तेव्हा खाली मैदानात उष्णतेची लाट होती. अनुभवी माणसंही होती त्यांच्यात. म्हणून खिंडीच्या दिवशी गाइड म्हणाला आज नाही, तर आज नाही. राखीव दिवस त्याच्यासाठीच असते, तो नसला की माणूस "आता परतीचं तिकीट आहे" म्हणून ढगात चढते. दुपारी वीज-गडगडाट नेहमीचा, दोनच्या आत कॅम्पवर पोचायचं.

मुलं किती वर्षांची असावी?

दयारा, तुंगनाथला आठ-दहा वर्षांची चालतात. चार हजारच्या वर मी बारा-तेराच्या आत नेऊ नका म्हणेन, लहान मुलाला डोकं कसं दुखते ते नीट सांगता येत नाही.

नेटवर्क?

सांक्रीच्या पुढे, जोब्राच्या पुढे नसते समजा. घरी सांगून ठेवा की इतके दिवस फोन लागणार नाही, कंपनीचा नंबर घरच्यांना द्या. थंडीत बॅटरी लवकर उतरते, फोन आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपा.

ऑफिसात जास्तीत जास्त नऊ दिवस मिळतात, दोन्ही शनिवार-रविवार धरून. यात हर की दून बसेल का?

ट्रेनने बसत नाही. दिल्लीपर्यंत विमानाने गेलात तर कसाबसा बसते, शनिवारी डेहराडून, रविवारी सांक्री, सोमवार ते शुक्रवार ट्रेक, शनिवारी खाली, रविवारी घरी, आणि एकही दिवस मोकळा नाही. एक दरड पडली की सोमवार गेला. असं करू नका.

नऊ दिवसांत देवरियाताल-चोपता-तुंगनाथ-चंद्रशिला करा. सारी गावातून देवरियाताल, तिथे पाण्यात चौखंबा दिसतो, मग जंगलातून चोपता, मग पंचकेदारातलं सगळ्यात उंच देऊळ तुंगनाथ आणि वर चार हजार मीटरच्या आसपास चंद्रशिला. चालण्याचे दिवस तीन-चार, विमान नसेल तर ट्रेनचे जाऊन-येऊन चार, आणि मध्ये एखादा दिवस रस्त्यासाठी मोकळा राहतो. हर की दूनसाठी पुढच्या वर्षी बारा दिवसांची रजा आतापासून सांगून ठेवा.